भिंतीवरची मेथी

"देठं कुठे टाकते ती?" बाबांनी विचारलं.

एका हातात खडू, दुसऱ्या हातात दोरीचं रीळ. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी. मागून गेलेल्या बसने आम्हा दोघांच्या पोटऱ्यांवर चिखल उडवला होता, पण त्यांचं सगळं लक्ष समोरच्या भिंतीकडे.

"पेपरात," मी म्हटलं. "मांडीवर पेपर पसरायचा, त्याच्यावर मेथीची जुडी सोडायची. पानं खुडून पिशवीत, देठं पेपरातच राहतात."

"आणि पिशवी?"

"पिशवी बाजूला असेल."

"असेल म्हणजे? तू बघितलंयस ना?"

बघितलं होतं की. शाळेला सुट्टी लागली की आई कधीकधी मला तिच्या ऑफिसात घेऊन जायची. संध्याकाळी चर्चगेटहून परतताना लेडीज डब्यात मी खिडकीशी आणि ती माझ्या शेजारी. गाडी सुटली, पंखे फिरू लागले, बायकांनी चपलांतून पाय मोकळे केले की आईची पिशवी उघडायची. मेथी, गवार, वाटाणे, कधी नुसताच लसूण. तरी त्या दिवशी भिंतीसमोर उभी राहून मला पिशवीची जागा काही आठवेना. आणि बाबांनी तर हे दृश्य जन्मात पाहिलेलं नव्हतं. लेडीज डब्यात ते कसे असणार? त्यांच्या ओळखीची होती ती घरी पोचलेली, निवडून झालेली मेथी.

ही गोष्ट २००९ च्या ऑगस्टमधली. जागा तुळशी पाइप रोड. कागदोपत्री तो सेनापती बापट मार्ग आहे, पण दादर-माहीमच्या माणसाच्या तोंडात अजून तुळशी पाइपच बसलेलं आहे. तुळशी तलाव १८७९ मध्ये बांधून झाला. त्याचं पाणी शहरात आणणाऱ्या नळावरून रस्त्याला हे नाव पडलं. मला दोन्ही नावं आवडतात. एक नळाचं, आणि एक हातात झाडू घेऊन रस्ते झाडणाऱ्या माणसाचं. मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी तुरुंगात गेलेले सेनापती बापट स्वतः रस्ते झाडत, हे बाबा मला त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी सांगत. आधी किती वेळा सांगितलंय याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही, आणि मीही त्यांना कधी थांबवलं नाही.

या रस्त्याच्या कडेने दादरपासून माहीमपर्यंत रेल्वेची लांबलचक भिंत जाते. भिंतीच्या अलीकडे फूटपाथ, पलीकडे पश्चिम रेल्वेचे रूळ. त्या काळी भिंतीची अवस्था मुंबईतल्या कुठल्याही लांब भिंतीसारखीच होती. पानाच्या पिचकाऱ्या, जाहिराती, त्यांवर चिकटवलेल्या दुसऱ्या जाहिराती, मुताचे ओघळ. 'येथे लघवी करू नये' असं लिहिलेल्या जागी तर हमखास. वांद्र्याच्या गल्ल्यांमध्ये २००७ च्या सुमाराला काही तरुण मंडळींनी भिंती रंगवायला सुरुवात केली होती, 'द वॉल प्रोजेक्ट' या नावाने. महापालिकेच्या संमतीने २००९ मध्ये ते तुळशी पाइप रोडवर आले आणि त्यांनी लोकांना बोलावलं. कुणीही या, भिंतीचा एक तुकडा घ्या, रंगवा. चित्रकार असण्याची अट नव्हती. शेकडो माणसं आली. कॉलेजची मुलं, जाहिरात कंपन्यांतले लोक, पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं. ऑफिसातल्या एका मुलीने मला सांगितलं आणि मी घरी जाऊन बाबांना सांगितलं.

बाबा पेंटर होते. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांचे बोर्ड, टेम्पोच्या नंबर प्लेटी, गणपतीच्या मंडपाच्या कमानी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. दादरला एका जिन्याखाली त्यांचं चार बाय सहाचं दुकान होतं. ब्लॉक अक्षराला लाल-पिवळी शेड द्यावी ती त्यांनीच, असं त्या भागातले दुकानदार म्हणत. मग फ्लेक्स आला. पंधरा दिवसांची पाटी अर्ध्या तासात छापून मिळायला लागली आणि दोन-तीन वर्षांत जिन्याखालचं दुकान बंद झालं. ब्रश त्यांनी टर्पेंटाइनने नीट धुऊन, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. त्या शनिवारी स्टूल घेऊन ते स्वतः माळ्यावर चढले. आईने खालून दोनदा हटकलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढायचं नाही असं घरात ठरलेलं होतं.

"काय काढणार?" मी विचारलं होतं. मला वाटलं शिवाजी महाराज किंवा गणपती म्हणतील. दोन्ही ते डोळे मिटून काढत. पण जागेवर पोचल्यावर ते बराच वेळ भिंतीकडे पाठ करून उभे राहिले. रस्त्याकडे नाही, फूटपाथवर मांडलेल्या संसाराकडे त्यांची नजर होती.

आमच्या वाट्याच्या दहा-बारा फुटांना लागून एक कुटुंब राहत होतं. ताडपत्री, तीन विटांची चूल, प्लास्टिकचा निळा पिंप, पत्र्याची ट्रंक. त्या बाईने आमच्यासाठी भांडी न कुरकुरता बाजूला सरकवली. मग मला म्हणाली, "ताई, एक सांगू का? देव काढू नका."

मी विचारलं, का?

"देव काढलात तर इथं झोपायचं कसं? पाय कुठं करायचे?"

माणसांनी भिंतीशी उभं राहू नये म्हणून देवांच्या फरशा लावतात हे मला ठाऊक होतं. त्याच फरशीखाली रात्री कुणाला तरी पाय लांब करायचे असतात, ही गोष्ट तोवर मनात आलीच नव्हती. बाबांनी ते ऐकलं आणि मान हलवली. "देव नाही काढत," ते तिला म्हणाले. "माणूस काढतो." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझी आई गाडीत भाजी निवडायची ना?"

भिंतीच्या पलीकडून नेमकी एक लोकल धडधडत गेली. त्यांनी हे मुद्दाम जुळवलं की ओघात सुचलं, ते मी कधी विचारलं नाही. पण आई सत्तावीस वर्षं याच भिंतीच्या मागून गेली होती. सकाळी चर्चगेटकडे, संध्याकाळी गोरेगावकडे. १९९२ च्या ५ मेला चर्चगेट ते बोरीवली अशी सगळी बायकांसाठीची लोकल सुरू झाली, तेव्हा तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी पेढे वाटले होते. त्या गाडीला ती 'आमची गाडी' म्हणायची, जसं एखादीने 'आमचं गाव' म्हणावं.

आधी भिंत तयार करायची होती. ऑगस्टात भिंत रंगवायला घेणं बाबांच्या धंद्यात बसत नव्हतं. "पावसात फक्त छत्रीवाला धंदा करतो," असं ते म्हणायचे. तरी त्यांनी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं, सुटलेले पोपडे पत्रीने काढले, कोरड्या फडक्याने पुसलं आणि मग तळहात भिंतीला लावून तसेच उभे राहिले. ताप बघावा तसे. जिथे ओल जास्त लागली तिथे खडूने फुल्या मारल्या. "इथे चेहरा नको यायला," म्हणाले. "इथला रंग आधी सुटणार."

डायरीच्या कागदावर त्यांनी लहान चित्र काढलं आणि त्यावर चौकोन पाडले. मग गेरूत बुडवलेली दोरी. एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. ताणून धरलेली दोरी त्यांनी मधोमध चिमटीत ओढून सोडली की भिंतीवर सट् करून सरळ लाल रेघ उमटायची. लहानपणी त्या आवाजासाठी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचे. कागदावरच्या एका चौकोनात जेवढं आहे तेवढंच भिंतीवरच्या एका चौकोनात. चित्र एवढं मोठं कसं काढता, असं कुणी विचारलं की बाबा म्हणत, मी मोठं काढतच नाही, मी एकेक चौकोन काढतो.

मेथीच्या हिरव्यावर त्यांचा अर्धा दिवस गेला. इमल्शनच्या पांढऱ्यात स्टेनरचे थेंब टाकत बसले. पिवळा, निळा, आणि तो पोपटी वाटायला लागला म्हणून अगदी टाचणीच्या टोकाएवढा काळा. शेजारच्या बाईचा मुलगा, असेल सात-आठ वर्षांचा, उकिडवा बसून डब्यात डोकावत होता. तोच म्हणाला, "आजोबा, पानं मागून वेगळी असतात." खरंच की. मेथीच्या पानाची पाठ फिकी असते. बाबांनी दुसऱ्या वाटीत फिका हिरवा केला आणि जुडीतली काही पानं उलटी काढली. त्या उलट्या पानांनी ती जुडी एकदम जुडी दिसायला लागली.

दुपारी पावसाची एक जोराची सर आली. आम्ही दोघं, ती बाई, तिचा मुलगा आणि पलीकडच्या तुकड्यावर मासे रंगवणारी कॉलेजची दोन मुलं, सगळे मिळून ताडपत्री धरून उभे राहिलो. तरी साडीचा ओला गेरूचा रंग खाली ओघळला. बाबांनी तो पुसला नाही. "पदराची चुणी म्हणून राहू दे," म्हणाले. शेवटपर्यंत ती चुणी तशीच राहिली, आणि सगळ्या साडीत तीच सगळ्यांत खरी वाटायची.

दुसऱ्या दिवशी रविवारी आई आली. डब्यात पोळी-भाजी, थर्मासात चहा. चित्र जवळजवळ झालं होतं. खिडकीचे गज, वर धरायच्या कड्यांची रांग, मांडीवरचा पेपर, मेथी, आणि मान खाली घालून हातांकडे बघत मेथी निवडणारी ती. चेहरा हुबेहूब आईचा नव्हता. बाबांनी तो मुद्दामच सैल सोडला होता, पण कानामागे खोचलेले केस तिचेच होते.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, पिशवी अशी नव्हती."

मी चपापले. पिशवी मी सांगितल्यावरून बाकावर, शेजारी उभी काढली होती.

"शेजारी पिशवी ठेवायला जागा कुठे असते? चौथ्या सीटवाली अर्धी बाहेर बसलेली असते. पिशवी इथे." तिने डाव्या हाताचं मनगट पुढे केलं. दोन्ही बंद मनगटात, पिशवीचं तोंड मांडीकडे उघडं. उजव्या हाताने खुडायचं आणि हात न उचलता तसाच पिशवीत सोडायचा. गाडीने गचका दिला तरी पान खाली पडत नाही. बोलता बोलता तिचे हात ते करून दाखवत होते, आणि मला ते सगळं एकदम आठवलं. तिच्या मनगटावर उठलेला बंदांचा तांबडा वळ. घरी पोचल्यावर ती तो चोळायची. तो वळ मी रोज पाहिला होता आणि पिशवी मात्र विसरले होते.

बाबांनी पिशवी पुसून पुन्हा काढली. वळ काढला नाही, तो पिशवीच्या बंदांखाली गेला.

"आणि डोळे," आई म्हणाली.

"डोळ्यांचं काय?"

"मी खाली बघत नव्हते. भाजीकडे कोण बघतं? हातांना कळतं ते."

"मग कुठे बघायचीस?"

आईने जरा विचार केला. "कुठेच नाही," म्हणाली.

बाबा ब्रश हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर डोळे काढले होते. कमानींवरचे देव, पुढारी, साबणाच्या जाहिरातीतल्या बायका. त्या सगळ्यांचे डोळे बघणाऱ्याकडे बघायचे, कारण पाटीचं कामच ते. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची. कुठेच न बघणारे डोळे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते.

त्यांनी पापण्या वर केल्या. नजर खिडकीबाहेर गेली. "नाही," आई म्हणाली, "बाहेर काय बघायचंय? रोजचंच." त्यांनी बुबुळं जरा मध्ये आणली. आता ती समोरच्या बाईकडे बघायला लागली. आईने तेही नको म्हटलं. तोवर चार माणसं भोवती जमली होती. शेजारची बाईही कडेवर पोर घेऊन उभी. अर्धा-पाऊण तास हे चाललं. शेवटी बाबांनी सगळ्यांत बारीक ब्रश घेतला, काळ्यात टेकवला आणि दोन्ही बुबुळांतला पांढरा ठिपका बुजवला. डोळ्यात चमक आणणारा ठिपका, जो पेंटर सगळ्यांत शेवटी देतो. जो दिल्याशिवाय चित्र जिवंत होत नाही असं तेच मला सांगत आले होते.

ठिपका गेला आणि नजर आत वळली.

आई म्हणाली, "हां." तेवढंच. आणि तिने थर्मास उघडला.

त्या 'कुठेच नाही'चा मी पुढे फार विचार केला आहे. घरात सासू होती, आम्ही दोघं भावंडं होतो, दुकानाची उधारी होती. ऑफिसात साहेब होता. चर्चगेट ते गोरेगाव हा पाऊण-एक तास तेवढा असा, की त्यात तिला कुणी काही विचारत नव्हतं. हात कामात होते, म्हणून ती रिकामी बसली आहे असं कुणाला म्हणताही आलं नसतं. गर्दीत कोंबलेल्या त्या डब्यात तिला एकटीची अशी जागा मिळायची, आणि ती जागा तिने मेथीच्या आडोशाने मिळवलेली होती. मी तिला तेव्हा किती प्रश्न विचारायचे! 'आई, आता कुठलं स्टेशन?' प्रत्येक वेळी तिला कुठून तरी परत यावं लागत असणार.

नंतर काही वर्षांनी आम्ही तिघं अजिंठ्याला गेलो. बाबा तरुणपणी, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेनंतर, मित्रांबरोबर जाऊन आले होते. त्यांना पुन्हा बघायचं होतं ते पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र नव्हतं. गुंफा क्रमांक २ मध्ये एक बाई आहे, खांबाला पाठ टेकून, एक पाय मागे दुमडून तळवा खांबाला लावलेला. तिच्या भोवती जातककथा चालू आहे, तिथे काहीतरी मोठं घडतं आहे. ती नुसती उभी आहे. त्याच गुंफेत झोक्यावर बसलेली मुलगी आहे, आणि १७ क्रमांकाच्या गुंफेत आरशात बघणारी बाई. राजांनी, मंत्र्यांनी दान दिलं बुद्धाच्या गोष्टी रंगवण्यासाठी, आणि गोष्टी रंगवताना चित्रकारांनी ही अशी दीड हजार वर्षांपूर्वीची एकेक दुपार भिंतीवर ठेवून दिली. मातीच्या गिलाव्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू मळून, वर चुन्याचा पातळ हात देऊन. बाबांनी सुटलेल्या कडेपाशी वाकून त्या थरांकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना चित्राइतकीच भिंतही दिसायची.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी तिथल्या ग्रिफिथ्ससाहेबाबरोबर १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला जाऊन या चित्रांच्या नकला करत होते. मला त्या मुंबईच्या मुलांचं फार वाटतं. पेस्तनजी बोमनजींसारखी मुलं, अंधारात दिवा धरून, खांबाला टेकलेल्या बाईचा गुडघा कसा वळलाय ते दिवसेंदिवस बघत बसलेली. त्यातल्या कित्येक नकला पुढे लंडनला आगीत जळाल्या. पण इतके दिवस इतकं निरखून बघणाऱ्याच्या हाताला जे वळण लागतं ते तर आगीत जात नाही. ते हात मुंबईला परत आले.

मुंबईत अलीकडे मोठमोठी भित्तिचित्रं झाली आहेत. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये रणजित दहिया आणि त्यांच्या साथीदारांनी काढलेले दादासाहेब फाळके मी कितीतरी वेळा मान उंचावून पाहिले आहेत. दहियांनी हरियाणात घरांना चुना लावण्यापासून सुरुवात केली, हे वाचलं तेव्हा मी ते बाबांना वाचून दाखवलं होतं. चर्चगेटला एदुआर्दो कोब्रा या ब्राझिलियन चित्रकाराने २०१८ मध्ये गांधीजी काढले. ती चित्रं मला आवडतात. शहराने आपल्या मोठ्या माणसांना एवढं मोठं काढावं हे योग्यच आहे. फक्त त्यांच्याखालून जाताना मला वाटतं, की या माणसांना आपण ओळखतो म्हणून थांबतो. तुळशी पाइपवर लोक मेथी निवडणारी बाई बघून थांबायचे, तेव्हा ते तिला ओळखत नव्हते. त्यांना दुसरीच कुणीतरी आठवत असायची. रविवारी संध्याकाळी एक टॅक्सीवाला गाडी कडेला घेऊन उतरला. चित्राकडे बघत बिडी पूर्ण ओढली आणि काही न बोलता गेला. बाबा म्हणाले, बघ, गिऱ्हाईक असं असतं.

ससून डॉकमध्ये २०१७ च्या अखेरीला चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे मात्र मला आमची भिंत आठवली. १८७५ पासूनचा तो धक्का, मासळीचा वास, आणि भिंतींवर तिथल्याच माणसांचे चेहरे. बाहेर कोळंबी सोलणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या. त्यांच्यातल्या एकीच्या हातांकडे मी बघत राहिले. कोळंबीचं डोकं मोडून, साल ओढून, टोपल्यात टाकायला तिला एक श्वास लागत होता. ती हातांकडे बघत नव्हती. तिचे डोळे कुठे होते हे मला ओळखीचं होतं.

आमच्या चित्राचं आयुष्य किती होतं? बाबांनी दोन पावसाळे म्हटलं होतं. तीन गेले. आधी खिडकीचे गज फिके झाले. जिथे खडूने फुल्या मारल्या होत्या तिथला रंग त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांत आधी सुटला. सहा महिन्यांनी गेले तेव्हा शेजारच्या बाईने भिंतीत एक खिळा ठोकलेला होता, चित्रातल्या आईच्या खांद्याच्या जरा वर. त्या खिळ्यापासून फूटपाथच्या झाडापर्यंत दोरी, आणि दोरीवर महापालिकेच्या शाळेचा धुतलेला शर्ट. पाणी ठिबकून साडीवरून खाली जात होतं. मी मनातून जरा हलले. बाबांना सांगू की नको असं झालं.

सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगा शाळेत जायला लागला?"

पुढे चेहऱ्यावर कसलीशी जाहिरात चिकटली, ती कुणीतरी फाडली आणि तिच्याबरोबर अर्धा गाल निघाला. हात मात्र खूप टिकले. मेथीची जुडी आणि हात. मग एका वर्षी सगळी भिंत नव्याने रंगवायला घेतली, आणि आमच्या जागी कुणा शाळकरी मुलांनी सूर्य, झाडं, चिमण्या काढल्या. चिमण्या छान होत्या. ते कुटुंबही तोवर तिथे नव्हतं. कुठे गेलं ते पलीकडच्या चहावाल्याला सांगता आलं नाही. खिळा तेवढा राहिला होता, नव्या रंगात बुडून, सूर्याच्या एका किरणाच्या टोकाशी. मी बोट लावून पाहिला.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. ब्रश माझ्याकडे आहेत, त्याच फडक्यात. आई आता गाडीने जात नाही, पण घरात टीव्ही समोर चालू ठेवून मेथी निवडते, आणि टीव्हीवर काय चाललंय असं विचारलं तर तिला सांगता येत नाही.

माझं ऑफिस सध्या चर्नी रोडला आहे. संध्याकाळची बोरीवली स्लो पकडते. स्लो गाडीचा रूळ सगळ्यांत पश्चिमेला, त्यामुळे दादर सुटलं की डाव्या हाताला भिंत अगदी जवळ येते. गाडीतून तिची फक्त पाठ दिसते. उघड्या विटा, शेवाळ, मधूनच उगवलेला पिंपळ. रस्त्याकडच्या बाजूला आज काय काढलेलं आहे ते इथून कळत नाही. तरी माटुंगा रोड गेलं की मी डावीकडे बघते.

परवा समोरच्या सीटवर एक बाई गवार मोडत होती. तिशीची असेल. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कानात इअरफोन, पण त्यांची वायर नुसतीच मांडीवर लोंबत होती, मोबाइलला लावलेली नव्हती. पिशवीचे बंद डाव्या मनगटात. शेंगेचं टोक मोडून, शीर ओढून, दोन तुकडे करून हात न उचलता पिशवीत. डोळे माझ्यावरून, भिंतीवरून, कुठूनही जात नव्हते.

माहीमला गर्दी चढली. तिच्यासमोर येऊन उभ्या राहिलेल्या कॉलेजच्या मुलीने वाकून विचारलं, "कुठे उतरणार?"

तिला ऐकू आलं नाही. मुलीने तिच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं नाही.